पंचेचाळीस मिनिटं, दोन क्यूबी आणि एक शिट्टी : ऑफेन्सच्या सरावाचा वेळ कसा वाटायचा?

स्नॅपवाला (डॅलसच्या उत्तरेला)

मंडळी, इथे क्रिकेटचे धागे शेकड्यांनी आहेत, अमेरिकन फुटबॉलवर मात्र सुपर बोलच्या रात्री जाहिरातींबद्दल जे चार प्रतिसाद येतात तेवढंच. तरी विचारतो, कारण इथे पोरं हा खेळ खेळतात असे बरेच आईबाप आहेत.

माझा मुलगा बारा वर्षांचा. सेंटर आहे. म्हणजे चेंडूवर वाकून उभा राहतो आणि पायांमधून तो मागे क्वार्टरबॅककडे (म्हणजे क्यूबी, पास फेकणारा) देतो. या देण्याला स्नॅप म्हणतात. स्नॅप नीट गेला तर सेंटरचं नाव कोणी घेत नाही. डोक्यावरून गेला तर सगळं मैदान घेतं.

मागच्या वर्षी मी पाण्याच्या बाटल्या भरायला म्हणून जायला लागलो. यंदा ऑफेन्सचा (चेंडू पुढे नेणाऱ्या बाजूचा) सहाय्यक कोच झालो, कारण सगळ्या बापांमध्ये एक्सेल धड येणारा मी एकटाच निघालो. आमच्याकडे २२ पोरं, आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड-दीड तास सराव, शनिवारी सामना. तीच पोरं दोन्हीकडे खेळतात, त्यामुळे दीड तासातला अर्धा डिफेन्सचा, अर्धा आमचा. हाती उरली पंचेचाळीस मिनिटं. हेड कोच म्हणाला, "तुझी पंचेचाळीस मिनिटं तू आखून आण."

आखण्याआधी आहे ते मोजावं म्हटलं. बायकोला मैदानाकडेला घडीच्या खुर्चीवर बसवलं, हातात वही दिली. तिला हा खेळ कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. पण लहानपणी वडिलांबरोबर क्लबच्या सामन्यांचं स्कोअरबुक लिहिलेलं, त्यामुळे चार उभ्या काड्या आणि पाचवी आडवी हे हातात बसलेलं आहे. मंगळवारी तिने लिहिलेलं जसंच्या तसं देतो :

पहिला क्यूबी, पळणाऱ्या रिसीव्हरला फेकलेले चेंडू : १९
दुसरा क्यूबी : ४
स्नॅप : २६, त्यातले ६ वाईट (चार डोक्यावरून, दोन घोट्याशी)
पोरं नुसती उभी राहून ऐकत होती : १७ मिनिटं
"त्यातली ११ मिनिटं तुझा आवाज होता," हे तिने खाली अधोरेखित करून लिहिलंय.

आता सांगा. क्यूबी, सेंटर, रिसीव्हर (पास झेलणारे), चेंडू घेऊन पळणारे बॅक आणि लाइनमन (समोरच्यांना अडवणारे) या सगळ्यांना या पंचेचाळीस मिनिटांत बसवायचं कसं?


सदाशिवपेठी_अंपायर (पुणे)

पहिली शंका. ज्यात पाय फक्त पळायला वापरतात त्याला फुटबॉल का म्हणायचं? असो, ते भांडण जुनं आहे.

तुमचा आजार मात्र ओळखीचा आहे. मी अनेक वर्षं शाळेच्या पोरांना क्रिकेट शिकवलं. नेटमध्ये एक जण बॅटिंग करतो, तिघं बोलिंग टाकतात आणि अकरा जण चेंडू आणायला पळतात. दोन तासांनी घरी गेलेला पोरगा आईला सांगतो, "आज दोन तास प्रॅक्टिस झाली." झाली कुठे? त्याच्या वाट्याला बारा चेंडू आले. तुमच्या सौंनी वही लिहिली तिथेच अर्धं काम झालं. मिनिटं मोजू नका, चेंडू मोजा.

एक अडाणी प्रश्न : क्यूबी दोन असताना दुसऱ्याला चारच चेंडू का?


स्नॅपवाला

काका, कारण खरं सांगतो, थोडं लाजत. अकरा विरुद्ध अकरा असा पूर्ण संघ उभा केला की क्यूबी एकच लागतो. आणि आमचा जवळजवळ सगळा वेळ तसाच जात होता. एक प्ले (आधी ठरवलेली चाल), मग शिट्टी, मग माझं भाषण, मग पुढचा प्ले. दुसरा क्यूबी माझ्या शेजारी उभा राहून गवत उपटत होता. मैदानावर त्या जागी टक्कल पडलंय.


लबकचा_माजी (ऑस्टिन)

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं समजून लिहितो.

मी २००६ ते २००९ लबकला टेक्सास टेकमध्ये एमएस करत होतो. माईक लीच तेव्हा तिथे हेड कोच. माझा रूममेट फुटबॉल संघाच्या सामानाची व्यवस्था बघणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी होता. रोज रात्री भात टाकता टाकता आज काय काय झालं ते सांगायचा. मला तेव्हा डाउन म्हणजे काय (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी एक) हेही माहीत नव्हतं. १ नोव्हेंबर २००८ ला टेक्सास युनिव्हर्सिटीविरुद्ध आमच्या क्यूबी हॅरेलने रिसीव्हर क्रॅबट्रीला दिलेला, एक सेकंद शिल्लक ठेवून सामना जिंकून देणारा तो पास मी स्टेडियममधून पाहिला. ३९-३३. त्या रात्री घसा गेला तो तीन दिवस आला नाही.

लीच आणि हॅल मुम्मी यांनी १९८९ पासून आयोवा वेस्लियन नावाच्या छोट्याशा कॉलेजात जी पद्धत बसवली तिला एअर रेड म्हणतात. लोकांना वाटतं एअर रेड म्हणजे खूप पास. खरी गंमत सरावात आहे. प्ले अगदी मोजके, आणि तेच ते, तेच ते, रोज. प्लेबुक जाडजूड नाहीच. जे सामन्यात करायचं तेच सरावात, आणि सरावात कोणी रिकामं उभं राहायचं नाही.

तुमच्या दुसऱ्या क्यूबीवरचं औषधही तिथेच आहे. त्या ड्रिलला 'रूट्स ऑन एअर' म्हणतात. समोर डिफेन्स नाही, नुसती हवा. पाच रिसीव्हर आपापल्या जागी उभे करा, एखाद्या प्लेमध्ये असतात तसे. मागे एक क्यूबी नाही, पाच फेकणारे उभे करा. एका हाळीवर पाचही रिसीव्हर आपापला रूट (पळायची ठरलेली वाट) पळतात. क्यूबीने ज्या क्रमाने नजर फिरवायची असते, त्यातला पहिला रिसीव्हर पहिल्या फेकणाऱ्याचा, दुसरा दुसऱ्याचा, असं. एका हाळीत पाच चेंडू हवेत. पुढच्या हाळीला फेकणारे एकेक जागा सरकतात. पाच फेऱ्या झाल्या की प्रत्येक क्यूबीने त्या प्लेमधला प्रत्येक पास फेकलेला असतो. दहा मिनिटांत रिसीव्हरांना जेवढे झेल मिळतात तेवढे तुमच्या पद्धतीने आठवडाभरात मिळणार नाहीत.


स्नॅपवाला

पाच फेकणारे आणू कुठून? क्यूबी दोन, मी तिसरा.


लबकचा_माजी

बाप आहेत ना! वीस यार्डांच्या आत बरा फेकणारा कोणीही चालतो. फक्त एकच अट, त्याने पोरांना शिकवायचं नाही. फेकायचं आणि सरकायचं.


एडिसनची_आत्या (न्यू जर्सी)

माझा भाचा इथे हायस्कूलमध्ये खेळतो. वहिनीची नोकरी रात्रीची, म्हणून ने-आण माझ्याकडे. चार वर्षांत मैदानाच्या कठड्यावर बसून माझी डॉक्टरेट झाली आहे.

आमच्याकडे २०१९ पासून नियम आहे की हंगाम सुरू असताना पूर्ण ताकदीने धडका देण्याचा सराव आठवड्याला फक्त १५ मिनिटं. त्याआधी ९० मिनिटं होती. तुमच्या टेक्सासमध्ये हायस्कूलला अजून ९० आहे बहुतेक. नियम आला तेव्हा कोचांनी डोक्याला हात लावला होता. आता तेच सांगतात की ऑफेन्सच्या वेळापत्रकाला शिस्त आली ती त्यामुळे. धडका नाहीत म्हटल्यावर पोरं जमिनीवरून उठण्यात, पॅड सावरण्यात वेळ जात नाही. नुसत्या चालत केलेल्या सरावात क्यूबी दहा मिनिटांत वीस प्ले बघतो. डार्टमथ कॉलेजच्या कोच बडी टीव्हन्सने तर २०१० पासून सरावात आपल्या खेळाडूंना खाली पाडणं पूर्ण बंदच केलं होतं. पाडायला तिथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी चाकांवर पळणारा यांत्रिक पुतळा बनवला. संघ काही त्याने दुबळा झाला नाही, पुढे आयव्ही लीगही जिंकला.

तेव्हा तुमच्या पंचेचाळीस मिनिटांत धडकाधडकी किती, ते आधी सांगा.


स्नॅपवाला

आत्या, मोजलं नव्हतं. आठवून बघितलं तर दहा-बारा मिनिटं असतील. आणि बहुतेक वेळा पासचा सराव चालू असतानाच, म्हणजे जिथे क्यूबीला शांतपणे नजर फिरवायला शिकवायचंय तिथेच त्याच्या अंगावर पोरं येतात. तो बिचारा पहिल्याच रिसीव्हरला फेकून मोकळा होतो. दुसरा कोणी मोकळा होता का, ते त्याला माहीतच नसतं.


बाकावरचा_बाप (ह्यूस्टन)

खूप वर्षांनी लिहितोय इथे.

माझा मुलगा दुसरा क्यूबी आहे. तुमच्या संघातला नाही, आमच्या इथल्या. पण गवत उपटणारा तो हाच. मागच्या हंगामात पहिल्या क्यूबीचा घोटा मुरगळला आणि तिसऱ्या क्वार्टरला याला आत पाठवलं. पहिलाच स्नॅप हातातून सुटला. दुसराही. लोक म्हणाले पोरगं घाबरलं. घाबरलं असेलही. पण खरी गोष्ट ही की त्याने त्या सेंटरकडून संपूर्ण हंगामात एकही स्नॅप घेतला नव्हता! सरावात त्याला स्नॅप द्यायचा तो दुसरा सेंटर, आणि त्याचा चेंडू हळू आणि खाली येतो. पहिल्याचा जोरात आणि छातीवर. हात कुठे धरायचे हे शरीराला कळायला हवं ना?

घरी येताना गाडीत तो काही बोलला नाही. मी रेडिओ लावला, त्याने बंद केला.

कोचशी बोललो तर उत्तर आलं, "पहिल्याला तयार करायलाच वेळ पुरत नाही." म्हणून विचारतो, हिस्सा किती असावा? अर्धा-अर्धा मागत नाही मी.


लबकचा_माजी

बाबा, मोठ्या खेळात तर हंगाम सुरू झाला की पूर्ण संघाच्या सरावातले जवळजवळ सगळे प्ले पहिल्यालाच मिळतात. दुसरा पाठीमागे उभा राहून मनातल्या मनात खेळतो. ती व्यवस्था पगार घेणाऱ्यांची. बारा वर्षांच्या पोरांना मनातल्या मनात काय खेळायला सांगणार?

माझ्या मते पूर्ण संघाच्या वेळात दोन तृतीयांश पहिल्याला, एक तृतीयांश दुसऱ्याला. पण बाकी सगळ्या वेळात, म्हणजे स्नॅप, पावलं, रूट्स ऑन एअर यात, अगदी सारखं. आणि सेंटर-क्यूबी जोड्या दर फेरीला बदलायच्या. हे फुकट आहे, याला एक मिनिटही जास्त लागत नाही.


सदाशिवपेठी_अंपायर

बाकावरचे बाप, तुमचा तो रेडिओ वाचून चहा गार झाला.

आमच्याकडे दुसऱ्या विकेटकीपरचं असंच असतं. मुख्य फिरकीवाल्याला त्याने कधी कीपिंगच केलेलं नसतं, आणि ऐन फायनलला पहिला आजारी.


निखळ_वाचक (नाशिक)

माफ करा, पण बारा वर्षांच्या पोरांच्या खेळाला काड्या मोजणं, एक्सेल, हिस्से... ऑफिस झालं हे. खेळू द्या की त्यांना. आम्ही गल्लीत खेळायचो तेव्हा कोणती मिनिटं मोजली?


स्नॅपवाला

निखळ, मलाही आधी असंच वाटायचं. पण गल्लीत तुम्हाला कोणी १७ मिनिटं रांगेत उभं करून भाषण ऐकवलं होतं का? गल्लीत चेंडू सतत चालू असतो, आउट झालेला लगेच फील्डिंगला जातो. मला तेच परत आणायचंय. फक्त २२ पोरं आणि संध्याकाळची वेळ ठरलेली असल्यामुळे ते आपोआप होत नाही. एक्सेल माझ्यासाठी आहे, माझं तोंड बंद ठेवायला.


खांदेकरीण (सॅन होजे)

फिजिओ आहे, म्हणून एक सूचना. रूट्स ऑन एअर उत्तम, पण मग फेकण्याची संख्या दुप्पट-तिप्पट होणार. या वयात खांद्याच्या आणि कोपराच्या हाडांची वाढीची टोकं अजून मिटलेली नसतात. बेसबॉलमध्ये म्हणूनच मोजून फेकतात. लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या पिचरला एका दिवसात ८५ फेकी, १३ ला पोचला की ९५, आणि मग ठरावीक दिवस विश्रांती. फुटबॉलला असा सर्वमान्य आकडा नाही. बेसबॉलचा आकडा जसाच्या तसा इकडे चिकटवू नका, चेंडू वेगळा, फेकण्याची ढब वेगळी. पण मोजण्याची सवय मात्र जरूर उचला.

दोन गोष्टी. सरावाआधी "चल बाबा, कॅच-कॅच" म्हणून अंगणात फेकलेलेही मोजा. आणि लांब पास शेवटी ठेवू नका. पाय दमले की पोर नुसत्या हाताने फेकतं, आणि दुखणं तिथे सुरू होतं. ताजं असताना फेकून घ्या, दमल्यावर पळवा.

लाइनमनबद्दल कोणीच बोललं नाही, तो जुनाच अन्याय.


स्नॅपवाला

ताई, सेंटरही लाइनमनच, म्हणजे लाइनमनचा बाप मीच आहे, विसरेन कसा!

सगळ्यांचं ऐकून परवा रात्री बसलो. कोच बिल वॉल्शचं एक आठवलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघासाठी तो सामन्याचे पहिले पंधरा-पंचवीस प्ले आदल्या दिवशीच लिहून ठेवायचा. गोंगाटात, घाईत डोकं नीट चालत नाही, म्हणून शांतपणी ठरवलेलं बरं, हा त्यामागचा विचार. मला वाटतं सरावाला तर हे जास्तच लागू आहे. मैदानावर उभं राहून "आता काय घेऊ या?" म्हटलं की एक मिनिट गेलंच. शिवाय आपल्याला जो प्ले आवडतो तोच आपण पुन्हा पुन्हा मागतो, आणि तिसऱ्या डाउनला आठ यार्ड हवेत अशी वेळ सरावात कधी येतच नाही.

तर पंचेचाळीस मिनिटं अशी कापली.

पहिली पाच फक्त स्नॅप. दोन सेंटर, दोन क्यूबी, दर पाच स्नॅपला जोडी बदल. क्यूबी स्नॅप घेऊन कधी तीन पावलं मागे येतो, कधी बॅकच्या पोटात चेंडू देतो. याच वेळी रिसीव्हर एकमेकांत जवळून झेल घेतात.

मग दहा मिनिटं रूट्स ऑन एअर. फेकणारे म्हणून दोन क्यूबी, मी, आणि दोन बाप. त्यातला एक इंदूरचा, लेगस्पिनर होता. त्याचा चेंडू सुंदर वळतो, दुर्दैवाने. लाइनमन तेवढ्यात दुसऱ्या कोचबरोबर पावलं आणि हात यांचा सराव करतात.

मग आठ मिनिटं अर्धी ओळ. म्हणजे सेंटरच्या उजवीकडचा अर्धा संघ, समोर डिफेन्स म्हणून कचऱ्याचे मोठे प्लास्टिकचे डबे. डबे हलत नाहीत, वाद घालत नाहीत आणि कोणाला लागत नाही. कोणी कोणाला अडवायचं हे पोरांना डब्यांमुळे जितकं पटकन कळतं तितकं माझ्या फळ्यावरच्या बाणांमुळे कधी कळलं नाही. दुसरा अर्धा संघ त्याच वेळी डावीकडे, दुसऱ्या क्यूबीबरोबर. म्हणजे दोन्ही क्यूबी कामात.

मग सात मिनिटं फक्त पास, समोर झेल अडवणारी पोरं, पण धडका नाहीत. मग बारा मिनिटं पूर्ण संघ, कागदावर लिहिलेले सोळा प्ले, प्रत्येकी पंचेचाळीस सेकंद. अकरा पहिल्याचे, पाच दुसऱ्याचे. प्रत्येक प्लेपुढे डाउन आणि किती यार्ड हवेत ते लिहिलेलं. शेवटची तीन मिनिटं गोलरेषेपासून पाच यार्डांवर.

आणि मुख्य नियम : पूर्ण संघाच्या वेळात शिट्टीनंतर भाषण नाही. ज्याचं चुकलं त्याच्याबरोबर एक कोच जागेवर परत येता येता बोलेल, दोन वाक्यं. सगळा खेळ थांबवायचा नाही.


लबकचा_माजी

झकास. एकच विचारतो, एकूण प्ले किती आहेत तुमच्याकडे?


स्नॅपवाला

इथेच दुखतं. हेड कोचचं प्लेबुक ३८ प्लेंचं आहे. त्याने प्लॅस्टिकचं वेष्टन घालून आणलंय. त्याचा जीव आहे त्यावर.


लबकचा_माजी

३८ प्ले आणि आठवड्याला तीनदा सोळा. म्हणजे ४८. प्रत्येक प्ले आठवड्यात सव्वा वेळा. सव्वा वेळा केलेलं काम बारा वर्षांच्या पोराला शनिवारी आठवेल का? वेळापत्रक कितीही सुंदर केलं तरी हा भागाकार बदलत नाही.

हेड कोचला "कमी करा" म्हणू नका. त्याला वही दाखवा आणि विचारा, या आठवड्यात यातले कोणते बारा हवेत? निवडायला त्याला आवडेल.


एडिसनची_आत्या

+१. भाच्याच्या कोचने हंगामाच्या सुरुवातीला मनगटावर बांधायच्या पट्टीत चाळीस प्ले बारीक अक्षरात छापून दिले होते. क्यूबीला चष्मा लागला की काय असं सगळ्यांना वाटलं, इतका तो मनगटाकडे बघायचा.


सदाशिवपेठी_अंपायर

जरा विषयांतर. पुण्याच्या नावाचाही अमेरिकन फुटबॉलचा संघ होता म्हणे, पुणे मराठाज, २०१२ च्या सुमारास, आणि सामने श्रीलंकेत? भाचा सांगत होता, मला थाप वाटली.


लबकचा_माजी

थाप नाही काका. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया. मुंबईचाही होता, ग्लॅडिएटर्स. आणि २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि फ्लॅग फुटबॉल बरोबरच येतायत. फ्लॅगमध्ये पाडापाडी नाही, कमरेची पट्टी ओढायची, एका बाजूला पाच जण. पट्ट्यांवर नाशिकच्या वाचकांचीही हरकत नसावी.


निखळ_वाचक

नाही. पट्टी आमच्या शाळेतही ओढायचे, रुमालाची.


स्नॅपवाला

मंगळवारचा वृत्तांत.

हेड कोचला वही दाखवली. उभ्या उभ्या दोनदा वाचली, "११ मिनिटं तुझा आवाज" वर मनापासून हसला, मग स्वतःचे किती ते विचारलं. बायको म्हणाली, सहा. मग शांत झाला. प्लेबुक घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी तेरा प्लेंना खूण करून आणलं. बाराच मागितले होते, तेरावा त्याचा लाडका आहे, राहू दिला.

बायकोची वही :
पहिला क्यूबी ४१. दुसरा ३३. स्नॅप ५८, वाईट ५. पोरं नुसती उभी : ६ मिनिटं.
"तुझा आवाज : ३. घसा बसलाय का?"

सगळं छान झालं असं मात्र नाही. सोळा प्ले ठरवले होते, अकराच झाले. पोरांना दोन प्लेंच्या मध्ये जागेवर परत यायची सवयच नाही, रमतगमत येतात. आणि डब्यांपैकी एकात खरोखरचा कचरा निघाला, त्यात पिझ्झा होता, तीन मिनिटं तिथेच गेली.

गुरुवारी दहा मिनिटं झाली नाहीत तोच वीज चमकली. वीज दिसली की मैदान रिकामं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं आत पाऊल टाकायचं नाही. परत आलो तेव्हा ऑफेन्सच्या वाट्याला वीस मिनिटं राहिली होती. वीस मिनिटांचा कागद माझ्याकडे नव्हता. मग पुन्हा तेच, मी आणि माझं भाषण. काय ठेवायचं, काय सोडायचं अशा वेळी?


लबकचा_माजी

स्नॅप तीन मिनिटं, रूट्स ऑन एअर सात, पूर्ण संघ दहा. अर्धी ओळ सोडा. तो कागद आजच करून गाडीच्या कप्प्यात टाका.


खांदेकरीण

मी रूट्स ऑन एअरही सोडले असते. अर्धा तास गाडीत बसून थंड झालेल्या खांद्याने लगेच फेकायला नको. आधी पळवा, मग फेकू द्या. म्हणजे पूर्ण संघ आधी घ्या, त्यात आधी पळण्याचे प्ले, पास शेवटी.


लबकचा_माजी

ताई, हे मान्य. माझ्या डोक्यात नव्हतं आलं.


बाकावरचा_बाप

मी आमच्या कोचला जोड्या बदलण्याचं सांगितलं. लेखी पाठवलं, कारण तोंडी सांगितलं की मी रागावतो. "बघू" म्हणाला. बुधवारी गेलो तर दोन्ही सेंटर दोन्ही क्यूबींना देत होते. पाचच मिनिटं, सुरुवातीला.

पोरगं घरी येऊन म्हणालं, "त्याचा चेंडू हाताला झोंबतो." तक्रार नव्हती ती.


स्नॅपवाला

शनिवार. हरलो, १४-२०. सकाळपासून पाऊस.

वाईट स्नॅप दोन, दोन्ही दुसऱ्या क्वार्टरला, आमच्या चिरंजीवांचे. ओला चेंडू. दुसरा क्यूबी चौथ्या क्वार्टरला सात प्ले खेळला, एकही चेंडू हातातून सुटला नाही, एक पास फेकला तो लेगस्पिनर काकांसारखा वळून बाहेर गेला.

वहीची पानं भिजली, त्यामुळे बाकीचे आकडे नाहीत. संध्याकाळी मंडळाच्या आरतीला गेलो तर बायको तिथे प्रसादाच्या द्रोणांच्या काड्या मारत बसलेली.

मंगळवारी स्नॅपच्या पाच मिनिटांत चेंडू बादलीत बुडवून घ्यायचा विचार आहे. तीन मिनिटं कोरडा, दोन ओला. रिसीव्हरांनाही द्यावा का ओला, की नुसता सेंटर आणि क्यूबीला?


लबकचा_माजी

नुसता त्या दोघांना, आणि ज्या बॅकच्या पोटात जातो त्याला. रिसीव्हरांच्या वाट्याला पुढच्या आठवड्यात. आणि दोन चेंडू ठेवा बादलीत, नाहीतर बुडवण्यातच वेळ जाईल.